तार आली तर

सौसर, नोव्हेंबर १९८६

प्रिय मालू,

जय भीम. हे पत्र टपालात टाकत नाही. मामाचा प्रकाश संत्र्याच्या ट्रकसोबत जबलपूरला निघाला आहे. सुनावणीसाठी तू मावशीकडे उतरली असशील, तिथे तो तुझ्या हातातच देईल.

मागच्या आठवड्यात भैय्याजी घरी आले होते. कॉलेजच्या कमिटीवर आहेत, मोठ्या लोकांत ऊठबस. आपल्या वस्तीत एरवी फक्त मतं मागायला येतात. या वेळी खाटेवर बसून चहा घेतला, आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. मग म्हणाले, पांढुर्ण्याच्या बाजूला सरकारी कॉलेजात मराठीची जागा निघून राहिली, आपल्या मालतीचं नाव वर गेलं आहे. आई रडायलाच लागली. मलाही, खरं सांगतो, बरं वाटलं. मास्तराची पोर प्राध्यापक, आणि तीही घरून जाऊन-येऊन.

ते गेल्यावर मात्र मनात किडा वळवळू लागला. जागेची जाहिरात नाही, तू अर्ज केलेला नाही. तुझे गाईड कोण, होस्टेलमधली तुझी खोली कोणती, हे मलासुद्धा नीट माहीत नाही. त्यांना कसं माहीत? मधे तर तुझाच संशय आला, की तूच कुठे शब्द टाकलास आणि आम्हाला कळवलं नाहीस. राग मानू नकोस.

काल ते पुन्हा आले. सरकारने विद्यापीठाची निवडून आलेली परिषद बरखास्त करून आपला अधिकारी बसवला, म्हणून तू आणि तुझ्या सरांनी कोर्टात अर्ज केला, एवढं तू सांगितलं होतंस. सर आता कुठेसे प्राचार्य झाले आणि त्यांनी नाव मागे घेतलं, हे मला भैय्याजींकडून कळलं. उरलीस तू एकटी. मंगळवारी तू हजर नसलीस तर प्रकरण आपोआप मिटेल, असं ते सुपारी कातरत बोलले. मी विचारलं, याचा आणि नोकरीचा काय संबंध? ते हसले.

“गुरुजी, सरकार पोरीला घराजवळ आणून राहिलं, त्यात वाईट काय?”

ते उठून गेले, मी दारापर्यंतही गेलो नाही.

आज सकाळी चुलीपुढे आईने तोंड उघडलं. काल मी शाळेतून यायच्या आधीच भैय्याजींनी तिला गाठलं होतं. मावशीचा पत्ता तिच्याकडून घेतला. सोमवारी माझ्या नावाने तुला तार जाणार आहे: आई अत्यवस्थ, ताबडतोब ये. तिने फक्त गप्प राहायचं, म्हणजे पोर कायमची जवळ येईल. ती हो म्हणून बसली होती. मग तिला जेवण गेलं नाही.

म्हणून लिहून राहिलो. आई बरी आहे, समोर बसून तुझ्यासाठी लाडू वळते आहे. तार आली तर येऊ नकोस, मंगळवारी कोर्टात उभी राहा. आणि यापुढे घरून कसलीही तार आली तरी खरी धरू नकोस. आमच्यापैकी कोणी खरंच गेलं, तर प्रकाश येईल तुला न्यायला.

तुझाच,
बाबा