मेणाइतकी पातळ

६ एप्रिल १९९९, डहाणू
"मेण लावलंय हे दिसता कामा नये." लग्नाआधी आत्या मला कुंकू रेखायला शिकवत होती, तेव्हा म्हणाली होती. कुंकू टिकायला खाली मेण हवं, पण नावाला. इतक्या वर्षांनी हे आठवलं ते कॉम्प्युटर उघडल्यावर.
कादंबरीचं अकरावं प्रकरण टाइप करताना पुन्हा हँग. दीड पान गेलं. प्रकाशकांना महिनाअखेर फ्लॉपी हवीय, नाहीतर पुस्तक पुढच्या वर्षावर. प्रोसेसरवरचा पंखा फिरतो, पण त्याखालची ताप वाहून नेणारी पेस्ट वाळून खडूसारखी झालीय.
ज्याच्याकडून घेतला त्या वापीवाल्याला फोन केला. "ताई, हात लावू नका. मशीन इकडे पाठवा." किती दिवस? "बघू." म्हणजे महिना गेलाच.
नवी पेस्ट मीच लावणार. जमेल.

७ एप्रिल
हे रेल्वेत रुळांच्या सांध्यांच्या देखभालीवर. म्हणाले, "ग्रीसच ना? डबाभर आहे आमच्याकडे."
ग्रीस घसरण्यासाठी. इथे काही घसरायचं नाही. प्रोसेसरचा ताप वरच्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात चढायला हवा. दोघांमध्ये बारीक फटी असतात, तिथे हवा राहिली की ताप अडतो. पेस्ट त्या फटी भरायला. सांगून पाहिलं. "तेच ते," म्हणाले.
शाळा सुटल्यावर टीव्ही दुरुस्तीवाल्या मनसुखभाईंकडे. उघडी डबी होती, वर तेल सुटलेलं. शेजारी बंद ट्यूब.
"बेन, डबी नको. जूनी छे. ट्यूब घ्या, टीव्हीला पण मी हीच लावतो."
ट्यूब घेतली.

९ एप्रिल
घात!
शाळेतून आले तर हे खुशीत, दोन्ही हात पांढरे. "तुझं काम करून टाकलं." अर्धी ट्यूब संपवलेली.
"अहो, एवढी?"
"सांध्याला हात आखडता घेऊन चालत नाही. कमी पडलं तर आमची रात्र जाते यार्डात."
चालू केलं. चहा उकळेपर्यंत हँग, आधीपेक्षा लवकर. झाकण काढलं, ठोकळ्याखालून पेस्ट चारी बाजूंनी ओघळलेली. इतका जाड थर की ताप त्यातच अडकला.
खूप बोलायचं होतं. पण भर दुपारी स्टुलावर वाकून, एवढाल्या बोटांनी ते चिमुकले स्क्रू काढले असतील त्यांनी. माझ्यासाठी. नाही रागावले. म्हणजे, थोडीशीच.

१० एप्रिल, शनिवार
अर्धी शाळा. आल्या आल्या कापूस आणि स्पिरिट. सगळं पुसून लख्ख. ह्यांनी टॉर्च धरला.
मुगाच्या डाळीएवढी पेस्ट. ह्यांच्या जुन्या पासच्या कडेने पसरली. प्रोसेसरवरची अक्षरं खालून पुसट दिसतील, इतकीच.
"एवढीशी? तुझ्या माहेरची काटकसर!"
"बघाच आता."
ठोकळा सरळ खाली दाबला, हलवला नाही. क्लिपा बसल्या. हात स्थिर. शाळेत एखाद्या मुलीच्या पायातला काटा काढताना असतो, तसाच.

११ एप्रिल
सकाळपासून दिवेलागणीपर्यंत चालू. एकदाही हँग नाही. अकरावं प्रकरण पुरं, बारावं सुरू. नायिका अखेर घराबाहेर पडली, गेले दोन महिने उंबऱ्यातच अडली होती.
हे जेवताना: "चाललं ना माझ्या पेस्टने?"
"तुमची कापसावर गेली."
हसले. भात वाढून घेतला परत.

१५ एप्रिल
आजपासून शाळा सकाळची. दुपारी दोनला हँग. झाकण काढून पाहिलं, पेस्ट जागेवर, पंखा ठीक. चूक माझी नाही. पाठीमागच्या खोलीवर पत्रा आहे, चिकूच्या ज्या खोक्यावर मशीन ठेवलंय ते खोकंसुद्धा हाताला गरम. आत ओढायला थंड हवाच नसेल तर ठोकळा तरी ताप टाकणार कुठे?
आत्ताच असं, तर महिनाअखेरीस काय होईल? अजून चार प्रकरणं.
थंड जागा घरात एकच. पुढच्या खोलीतली पश्चिमेची खिडकी, दुपारनंतर समुद्राचा वारा येतो. तिथे टीव्ही. समोर ह्यांची आरामखुर्ची. ड्यूटीवरून आले की बूट काढायच्या आधी क्रिकेट.
आज जेवण झाल्यावर विचारणार. "पंधरा दिवस टीव्ही पत्र्याखाली नेऊ या? खिडकी मला द्या."
हे नाहीच म्हणणार. आधी हसतील, मग म्हणतील, लिहायला रात्र आहे की.
तरी विचारणार आहे. ताट वाढायला घेते आता.