पंखावरची रेंगाळणारी हवा आणि माझा झाडलोटीचा आठवडा

श्टुटगार्ट, मंगळवार

तीर्थरूप ओटमार मामांस,

गेबहार्डचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? वाल्बुर्गा मामींच्या बदकांनी शेजाऱ्यांचा कोबी खाणं सोडलं, की शेजाऱ्यांनीच कोबी लावणं सोडलं? मी खाऊनपिऊन सुखरूप आहे. डोकं तेवढं ठिकाणावर नाही. (हे पत्र आईला दाखवू नका. प्रयोगशाळेत माझी कायम नेमणूक झाल्याचं तिने चर्चमध्ये सगळ्यांना सांगून टाकलंय, आणि ती अजून व्हायचीच आहे.)

त्याचं असं झालं. आमच्या वाऱ्याच्या बोगद्यात ग्लायडरच्या पंखाचा एक तुकडा उभा केलाय. त्याच्यावर वारा सोडायचा आणि काय होतं ते बघायचं, एवढाच आमचा धंदा. प्रोफेसर श्टाइमले मला म्हणाले की मागच्या कडेपाशी सीमास्तर किती जाड आहे याचा अंदाज काढा, आधी कागदावर, मग मोजून. दोन्ही आकडे जुळले की तुमच्या नेमणुकीचं बघू. आता सीमास्तर म्हणजे काय, तर पंखाला अगदी चिकटलेली हवा जागची हलतच नाही. तिच्यावरची जरा सरकते, त्यावरची आणखी जरा. लग्नघरातून ‘निघतो, निघतो’ म्हणत पाहुणे दारात रेंगाळतात तसं. पुढे केव्हातरी हवेला पूर्ण वेग येतो आणि तिथे हा थर संपतो. पण नेमका कुठे? तर म्हणे, पूर्ण वेगाच्या शंभरातले नव्व्याण्णव हिस्से आले की संपला असं समजायचं. उरलेल्या एका हिश्श्याचं काय, असं मी विचारलं, तर प्रोफेसरांनी चष्मा काढून पुसला. (ते रागावले की पुसतात. विचारात पडले तरी पुसतात. म्हणजे मला काहीच कळलं नाही.)

कागदावर माझं उत्तर आलं तीन मिलिमीटर, मसुराच्या दाण्याच्या आसपास. मग पंखामागे बारीक नळ्यांचा कंगवा लावून मोजलं, तर चौदा! पुन्हा मोजलं, चौदाच. गणित पुन्हा केलं, तर तीनच. विचारावं कुणाला? वरिष्ठ सहायक क्लायबर भावाच्या लग्नाला गेलेला. मला स्वप्नात मसूर दिसायला लागले.

त्यातच झाडलोटीची पाटी प्रयोगशाळेतल्या माझ्या खोलीच्या दारावर आली. आपल्याकडचा रिवाज तुम्हाला मी काय सांगणार? पाटी ज्याच्या दारावर, त्याने आठवडाभर झाडायचं. आमच्याकडे प्रोफेसरसुद्धा टाय लावून जिना पुसतात. मी म्हटलं, डोकं चालत नाही तर निदान हात चालू देत. जिना घासला, खिडक्या पुसल्या, बोगद्यात शिरलो. तिथे पंखाच्या पुढच्या भागावर आडवी एक चिकटपट्टी! तीही करवतीच्या दात्यांसारखी वेडीवाकडी कापलेली. कुणातरी ऐदी माणसाने तशीच ठेवलेली, दुसरं काय? नखाने सोडवली, गरम पाणी आणि व्हिनेगरने डाग काढला, पंख आरशासारखा केला. आणि मामा, त्यानंतर मोजलं तर तीन! धावत जाऊन प्रोफेसरांना सांगितलं. ते ‘वाईट नाही’ म्हणाले. (आपल्या मुलखात याहून मोठं कौतुक फक्त थडग्यावर कोरतात.) मी त्या दिवशी नवे बूट घेतले.

काल क्लायबर परतला. बोगद्यात डोकावला आणि ओरडला, “माझी पट्टी कुणा गाढवाने काढली?” ती त्याने मुद्दाम लावली होती म्हणे. पट्टीमुळे हवा आधीच घुसळते, थर जाड होतो, पण पंखाला धरून राहतो आणि विमान चांगलं उडतं. म्हणजे जिथे बशीशिवाय कप ठेवला तर बोलणी खावी लागतात, तिथे पंखावर मुद्दाम कचरा चिकटवायचा! मला हे अजून उमगलेलं नाही. सगळ्यांनी माझ्या दारावरच्या पाटीकडे पाहिलं. मी काहीतरी उत्तर दिलं आणि विषय मिटला. तुम्ही अजिबात काळजी करू नका.

मामींना नमस्कार, बदकांना आशीर्वाद.

तुमचा भाचा,
गेबहार्ड

ता. क. : ‘काहीतरी उत्तर’ म्हणजे असं, की त्या आठवड्यात मामा आले होते आणि झाडलोट हौसेने त्यांनीच केली. तेव्हा शुक्रवारी येऊन क्लायबरसमोर एकदा ‘हो’ म्हणा. नाहीतर माझी जागा गेलीच समजा. जाण्यायेण्याचं तिकीट माझ्याकडे, जेवणही.

पुन्हा ता. क. : पाकीट बंद करतच होतो, तेवढ्यात प्रोफेसरांनी बोलावलं. पट्टीसकट चौदा आणि पट्टीविना तीन, हे दोन आकडे शेजारी ठेवल्यावर ते भलतेच खूश झालेत. म्हणाले, “पट्टी काढून बघायचं ज्याला सुचलं, तो माणूस आपल्याला हवा.” मी एक पाऊल पुढे झालो. क्लायबर म्हणाला, “पण ते तर याच्या मामांना सुचलं.” प्रोफेसरांनी चष्मा पुसला आणि विचारलं, “मामा सध्या काय करतात?” शुक्रवारी तुमची मुलाखत आहे. मामा, या, आणि कृपा करून नापास व्हा. सीमास्तराबद्दल विचारतील, तेव्हा मनाला येईल ते बोला. बरोबर उत्तर तुमच्या तोंडून निघण्याची भीती मला नाही. सीमास्तर तुम्हाला मीच तर समजावलाय.