नजर वर जात नाही

४ फेब्रु., मंगळ.
नितीन ऑफिसातून आला तो बूट न काढताच माझ्या खोलीत. म्हणाला, "बाबा, थोडे दिवस खाली बाकावर नका बसू." का, तर पहिल्या मजल्यावरच्या शेट्येबाईंनी मनालीला सांगितलं, तुमचे सासरे डोळे मोठे करून बायकांच्या छातीकडे बघत बसतात. पोटच्या मुलाच्या तोंडून ऐकलं हे. "बरं" म्हणालो. 'खोटं आहे' म्हणायला हवं होतं.

७ फेब्रु., शुक्र.
मनाली चहा टीपॉयवर ठेवते नि लगेच वळते. आधी दोन मिनिटं बोलायची. आज ओढणी सारखी केली. सूनबाईने, माझ्यासमोर.
खरंच बघतो का मी? खूप आठवून पाहिलं. मी बसलेला, बाई उभी, मान आखडलेली. नजर कुठे होती... सांगता येत नाही. याचीच लाज जास्त.

११ फेब्रु., मंगळ.
चष्म्याचा नंबर काढायला वाशीला, नितीनबरोबर. तपासणारी मुलगी म्हणाली, "काका, डोकं न हलवता वर बघा."
बघितलं.
"वर, काका."
"बघतोच आहे."
तिने नितीनला आत बोलावलं. डोळे खाली जातात, बाजूला जातात, वर नाही. मेंदूच्या डॉक्टरांना लवकर दाखवा म्हणाली.

१५ फेब्रु., शनि.
एमआरआय झाला. डॉक्टर म्हणाले, मध्यमेंदूत डावी-उजवी बाजू जोडणारे बारीक तंतू असतात, डोळे वर न्यायला ते लागतात. नेमका तिथेच छोटा झटका येऊन गेलाय.
नितीनने विचारलं, "म्हणजे समोर उभ्या माणसाचा चेहरा..."
"मान वर केल्याशिवाय दिसणार नाही. पापण्याही वर ओढल्या गेल्यात, त्यामुळे टक लावल्यासारखं वाटतं."
गोळ्या दिल्या. सुधारेल, किती ते सांगता येत नाही.
रिक्षात नितीनने हात धरला, कोपरखैरणे येईपर्यंत सोडला नाही. मला काढून घ्यावासा वाटत होता.

१६ फेब्रु., रवि.
मनाली रडली. "मी त्यांना तेव्हाच गप्प करायला हवं होतं, बाबा." तिला तरी काय कळणार होतं. नितीन म्हणतो, रिपोर्ट सोसायटीच्या ग्रुपवर टाकतो. माझा आवाज चढला. ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही कळेल.
एक गोष्ट दोघांना बोललो नाही. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा सुटलो असं वाटलं. काही न केलेल्या माणसाला असं वाटतं का?

२० फेब्रु., गुरु.
संध्याकाळी खाली गेलो. बसलो बाकावर. शेट्येबाई भाजी घेऊन येत होत्या, थांबल्या.
"काका, बरेच दिवस दिसला नाहीत."
चेहरा बघायचा तर मान मागे टाकायला लागणार. ते आणखी वाईट. त्यांच्या पिशवीतल्या मेथीकडे बघत म्हणालो, "तब्येत बरी नव्हती."
गेल्या नाहीत. मनालीने सांगितलं की काय, आवाजावरून कळेना. मग बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. आता मान न उचलता चेहरा दिसला असता.
मी वळलो नाही.