ओल्या मातीच्या गोळ्याचे वजन

प्रति,
मा. ठाणेदार साहेब,
पोलीस स्टेशन, अमडापूर,
ता. चिखली, जि. बुलडाणा.

अर्जदार : उकंडराव ज्ञानदेव शेळके, वय ६३, सेवानिवृत्त प्रयोगशाळा परिचर, रा. अमडापूर.

विषय : छर्ऱ्याच्या बंदुकीची शक्ती चुकीची मोजून दिल्याबद्दल, व चूक कळूनही अकरा दिवस गप्प बसल्याबद्दल, माझे नाव गुन्ह्यात घेणेबाबत.

संदर्भ : १) तानुबाई जखमी झाल्याची दि. १७ ऑक्टोबरची घटना.
२) मी दि. ३ ऑक्टोबर रोजी स्वहस्ते दिलेले प्रमाणपत्र.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, सदर प्रकरणी शेख अब्दुल गनी, रा. देऊळघाट, आणि गोकुळ भगवानराव, रा. अमडापूर, अशा दोघांची नावे आहेत. तिसरे नाव माझे असायला हवे होते. खरे म्हणजे ते पहिले हवे. या कामासाठी मी याआधी दोन वेळा ठाण्यात येऊन गेलो. पहिल्या वेळी बाकावर तासभर बसलो आणि हवालदार साहेबांनी काय काम आहे विचारले तेव्हा, पाणी प्यायला आलो होतो, असे खोटे सांगितले. दुसऱ्या वेळी फाटकातूनच परतलो. तोंडाने जमत नाही असे दिसले, म्हणून लेखी देत आहे.

१. प्रथम माझ्याविषयी. मी एका विद्यालयात एकतीस वर्षे प्रयोगशाळा परिचर होतो. काचेच्या नळ्या धुणे, तराजू पुसणे, मुलांनी सांडलेले आम्ल आवरणे, हे माझे काम. तिथे मला सगळे उकंडा म्हणत, शिक्षकही आणि मुलेही. निवृत्त झाल्यावर शाळेने मोडीत काढलेला एक तराजू मी विकत घेतला आणि गावात लोकांना लहानसहान मोजमाप करून देऊ लागलो. कुणाच्या दुधातले पाणी, कुणाच्या विहिरीची खोली, कुणाच्या पत्र्याची जाडी. मी कधी कुणाकडून पैसे घेतले नाहीत. लोक मला मास्तर म्हणू लागले, आणि साहेब, मला ते फार आवडू लागले. या प्रकरणाचे मूळ तिथे आहे, म्हणून लिहितो.

२. शेख अब्दुल गनी हे जत्रांमध्ये व आठवडी बाजारात फुगे फोडण्याचे दुकान मांडतात आणि छर्ऱ्याच्या बंदुका दुरुस्त करतात. गोकुळच्या मक्यात वानरांचा त्रास होता. वानराला इजा करणे गुन्हा आहे हे गोकुळला ठाऊक असल्याने त्याने शेताच्या कडेच्या निंबावर एक रिकामा पत्र्याचा डबा टांगला होता. मचाणावरून त्या डब्यावर छर्रा मारायचा आणि आवाजाने वानरे पळवायची, अशी त्याची रीत होती. डबा लांब होता, आवाज कमी येई, म्हणून त्याने गनीभाईंना बंदुकीत कडक स्प्रिंग बसवून मागितली. गनीभाईंनी ती बसवली, पण बंदूक गोकुळच्या हाती दिली नाही. छर्ऱ्याची ऊर्जा वीस जूलच्या वर गेली की परवाना लागतो हे त्यांना माहीत होते. ते ती बंदूक गोणपाटात गुंडाळून बसने माझ्याकडे घेऊन आले. मास्तर, मोजून द्या, मगच देतो, म्हणाले. अशा कामात एवढी काळजी घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि आज आरोपी तेच आहेत.

३. मोजण्याची पद्धत अशी. मातीचा गोळा दोऱ्यांनी आढ्याला टांगायचा, जवळून त्यात छर्रा मारायचा, आणि छर्रा रुतल्यावर गोळा झोक्यासारखा किती वर जातो ते पाहायचे. त्या उंचीवरून गोळ्याचा वेग निघतो, आणि गोळा छर्ऱ्यापेक्षा किती पट जड आहे त्यावरून छर्ऱ्याचा वेग. एक छर्रा माझ्या तराजूत धड तोलला जात नाही, म्हणून पन्नास छर्रे एकदम तोलले. सव्वीस ग्रॅम भरले, म्हणजे एकाचे अर्ध्या ग्रॅमहून किंचित जास्त. गोळा एकशे शहाण्णव ग्रॅमचा होता. पहिला छर्रा कोरड्या मातीवरून उडून माझ्या पायाशी पडला. म्हणून मी गोळा काढून त्यावर पाणी मारले, चांगला मळला, पुन्हा टांगला. या खेपेला छर्रा रुतला. गोळा सव्वीस मिलिमीटर वर गेला. हिशेबाने वेग सेकंदाला दोनशे सत्तर मीटर आणि ऊर्जा एकोणीस जूल आली.

वीसच्या आत. मला इतका आनंद झाला की मी प्रमाणपत्रावर एकोणीसच्या खाली लाल शाईने दोन रेघा मारल्या.

४. त्याच प्रमाणपत्रात मी आणखी एक वाक्य लिहिले, जे मला कुणी विचारलेही नव्हते. "पन्नास पावलांपलीकडे छर्रा निर्धोक समजावा." याचा आधार असा की, या छर्ऱ्याची कंबर बारीक आणि मागचा भाग फुगीर असतो, त्यामुळे हवा त्याला मागे ओढते आणि त्याचा वेग लवकर मरतो. एवढे खरे आहे. मी पन्नास पावलांवर तेलाचा रिकामा डबा ठेवून पाहिले तर छर्ऱ्याने नुसता पोचा पाडला, भोक पाडले नाही. त्यावरून मी निर्धोक ठरवून टाकले. डब्याला जे नुसते पोचा पाडते ते डोळ्याला काय करते, हा विचार मला त्या वेळी शिवलाही नाही.

५. आता जी गोष्ट अद्याप कुणालाही माहीत नाही ती सांगतो. माती ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची मला शाळेपासूनची सवय. दि. ६ ऑक्टोबर रोजी सकाळी तो गोळा आवरून ठेवताना सहज तराजूत टाकला. दोनशे वीस ग्रॅम भरला. तराजू बिघडला असे वाटून मी पुन्हा तोलला, पुन्हा दोनशे वीस. मग लक्षात आले की मी तोलला तो कोरडा गोळा आणि छर्रा मारला तो ओल्या गोळ्यावर. चोवीस ग्रॅम पाणी माझ्या हिशेबात नव्हतेच. जड गोळ्याला तेवढेच वर ढकलायचे तर छर्रा जास्त जोराचा लागतो. नव्याने हिशेब केला. वेग सेकंदाला तीनशे दोन मीटर, ऊर्जा पावणेचोवीस जूल.

त्याच दिवशी मी बाजारात गनीभाईंच्या दुकानावर गेलो. सांगायलाच गेलो होतो. पण मला पाहताच त्यांनी गिऱ्हाइकांसमोर स्टूल पुसून दिले आणि सगळ्यांना सांगितले की हे आमचे मास्तर, यांचा आकडा चुकत नाही. मी चहा प्यायलो आणि घरी आलो. पुढचे दहा दिवस रोज स्वतःची समजूत घातली की डब्यावर मारायची तर बंदूक, एकोणीस काय आणि चोवीस काय. देऊळघाट काही लांब नाही. गोकुळचे घर तर माझ्या गल्लीतच आहे. त्याच्या दारावरून मी रोज दोनदा जात होतो.

६. दि. १७ ऑक्टोबर रोजी गोकुळचा नेम डब्यावरून चुकला. निंबापलीकडच्या बांधावर तानुबाई गवत कापत होत्या. मी नंतर जाऊन पावले मोजली, मचाणापासून बहात्तर भरली. म्हणजे माझ्या कागदानुसार त्या निर्धोक जागी होत्या. छर्रा डाव्या डोळ्याच्या कडेला लागला. पुढे बंदूक तपासणीला गेली आणि ऊर्जा वीस जूलहून जास्त भरल्याचे वर्तमानपत्रात आले. सगळ्या गावाला तो आकडा नवा होता. मला तो घटनेच्या दिवशीच अकरा दिवस जुना होता.

७. गनीभाईंनी जबाबात स्प्रिंग आपण अंदाजाने बसवली असे सांगितल्याचे कळते. ते खरे नाही. त्यांच्याजवळ माझा कागद होता. मी देऊळघाटला जाऊन त्यांना विचारले की तो दाखवला का नाही. तेव्हा ते जे बोलले ते जसेच्या तसे लिहितो. "मास्तर, कागद मी चुलीत टाकला. आम्ही दोघं अडकलो, तेवढं बस झालं. तुमचं नाव मी काऊन घेऊ? तुम्ही काही जाणून थोडंच चुकले." साहेब, ते सगळे बरोबर बोलले, फक्त शेवटचे वाक्य सोडून. ते चूक आहे हे सांगण्याचे धाडस मला तिथेही झाले नाही. त्यांच्या घरच्या मुबीनाबाईंनी मला जेवायला वाढले आणि मी जेवलो. आठवले की अजून लाज वाटते.

तरी मायबाप साहेबांना नम्र विनंती की,

(अ) माझा जबाब नोंदवून सोबतची प्रमाणपत्राची कार्बन प्रत कागदपत्रांत घ्यावी व गनीभाईंनी मोजून घेतल्याशिवाय बंदूक दिली नव्हती, ही नोंद व्हावी.

(ब) फुगे फोडण्याच्या त्यांच्या दोन बंदुका जप्त आहेत. जत्रांचे दिवस तोंडावर आले आहेत आणि त्यांचे घर त्याच दोन बंदुकांवर चालते. त्या शासनाने मोजून, मर्यादेत असल्यास, परत द्याव्यात. मी त्या मोजणार नाही.

(क) माझा तराजू जप्त करावा. मी स्वतः आणून देईन. जड आहे, पण आणीन.

(ड) ग्रामपंचायतीच्या फळ्यावर सूचना लावावी की, यापुढे उकंडराव शेळके यांच्याकडून कुणी काहीही मोजून घेऊ नये. पोलिसांना असा अधिकार नसल्यास ज्यांना असेल त्यांच्याकडे हा अर्ज पाठवावा. सूचनेत मास्तर हा शब्द नसावा.

८. अर्ज इथेच संपवणार होतो. परंतु काल सकाळी तानुबाई माझ्याकडे आल्या. त्यांना यातले काही माहीत नाही. पदरात चार सीताफळे होती. ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, तुम्हाले तर समदं मोजता येते. माह्या या डोळ्यात नजर किती राह्यली, तेवढं मोजून सांगा. डाक्टर सांगते, पण मले समजत नाही."

मी नाही म्हणू शकलो नाही. त्यांना उजवा डोळा तळव्याने झाकायला लावला आणि बोटे धरून मागे मागे सरकत गेलो. किती बोटे आहेत हे त्यांना किती अंतरापर्यंत सांगता येते, ते पाहिले. मग फीत लावली. एकदा घेतले, दुसऱ्यांदा घेतले, तिसऱ्यांदा घेतले. एकतीस वर्षांत आणि नंतरही एक माप मी कधी तीनदा घेतले नव्हते. बंदुकीचेही एकदाच घेतले होते.

त्यांनी आकडा विचारला. उद्या सांगतो, असे म्हणून मी त्यांना घरी पाठवले. तो उद्या म्हणजे आज. आपण माझे नाव लिहून घेतले की इथून मी सरळ त्यांच्या घरी जाणार आहे. आकडाही सांगेन आणि तो कुणामुळे इतका कमी झाला तेही सांगेन. त्याआधी मला बसवून ठेवायचे असल्यास, एवढा निरोप तरी त्यांना पोचवावा. सीताफळे तशीच ठेवली आहेत, ती परत करायची आहेत.

आपल्या बोलावण्याची वाट न पाहता बाहेर बाकावर बसलेला,
आपला कसूरदार,

(सही)
उकंडराव ज्ञानदेव शेळके
अमडापूर, दि. १० नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) प्रमाणपत्राची कार्बन प्रत, एक.
२) चुकीचा हिशेब, दि. ३ ऑक्टोबर, एक पान.
३) बरोबर हिशेब, दि. ६ ऑक्टोबर, एक पान. तारीख मीच घातली आहे, कृपया पाहावी.
४) मातीचा गोळा, छर्ऱ्यासह. आता वाळला आहे, पाणी लावू नये.
५) तानुबाईंच्या डाव्या डोळ्याच्या नजरेचे अंतर, त्यांना समजेल अशा मापात : एक हात, चार बोटे. हे बरोबर आहे.