वाळूवर पाय

उस्ताद, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा राग काही जात नाही, म्हणून लिहायला बसलो. कळमनुरीला बाजाराच्या मैदानात जमिनीवर सिमेंटचे गट्टू बसवायचं काम चालू होतं, तेव्हा मी तुमच्या टोळीत आलो. लग्न झालेला गडी होतो, मार खायचं वय मागे पडलंय असं मला वाटायचं. पण आमचं घराणं पुसेगावकडचं, मेंढरांचं. आणि मेंढरांमागं हिंडलेल्या माणसाला मोकळी जागा दिसली की आडवं निघायची खोड असते. तुम्ही दोन पाइपांवरून फळी ओढून वाळू सारखी केली होती आणि मी पाणी प्यायला तिच्यावरूनच गेलो. पाऊल उमटलेलं दिसलं तेव्हा शहाणपणा केला. मूठभर वाळू भुरभुरवून खूण बुजवली, वर गट्टू बसवले. दिसायला सगळं बराबर. मग त्यावरून दाबायचं मशीन फिरलं आणि चौफेर गट्टू खाली बसले, पावलाखालची वाळू आधीच दबलेली, म्हणून माझ्या पावलावरचे दोन तेवढे वर राहिले. तुम्ही त्यांना अंगठा लावून पाहिला आणि सरळ माझ्याकडे आलात. ‘‘काहून पाय ठेवला रे? तुझ्या बापाचं वावर हाय का हे?’’ तीच फळी माझ्या पाठीत बसली. मी गुडघ्यावर आलो तरी तुम्ही थांबला नाहीत. नंतर ते घट्ट बसलेले गट्टू मला नुसत्या बोटांनी उपसायला लावलेत, नखांतून रक्त येईपर्यंत.

त्या दिवशी जेवायला तुम्हीच घरी नेलंत, हे मला आजही कळत नाही. काकू चुलीपाशी बसून माझ्या पाठीला हळद लावतायत, तुम्ही समोर भाकरी कुस्करताय आणि शांतपणे सांगताय, ‘‘बसलेल्या गट्टूवर उभं ऱ्हायचं, तिथूनच फुडं लावत जायचं. वाळूवर पाय द्यायचाच न्हाई.’’ काकू हळूच म्हणाल्या, ‘‘हाताला न्हाई ना लागलं? पाठ काय, भरून येती.’’ त्यांच्या दंडावर जुने काळे वळ होते. त्यांना माहीत होतं कुठलं काय भरून येतं ते. मला तुमचा असा संताप आला की ताट सारून उठलो, आणि तरी दुसऱ्या दिवशी मी कामावर हजर होतो. तुमच्यासारखी ओळ मला बसवता यायला हवी होती. दुसरं काही नकोच होतं.

मग तो बाजाराचा दिवस. गावातल्या एका दांडग्यानं मुद्दाम आपली फटफटी सारख्या केलेल्या वाळूवरून घातली. तुम्ही त्याला कॉलर धरून खाली ओढलंत आणि रबरी हातोड्यानं बडवलंत, आम्हाला बडवायचात तसंच. त्यात तुमच्याकडे कधी आपपरभाव नव्हता. दुपारी तो चौघांना घेऊन आला. त्यांनी तुम्हाला लाथा घातल्या, दात पाडले, मग उजवा हात कडेच्या दगडावर धरला आणि वरून गट्टू हाणला. तो आवाज मी विसरलेलो नाही. माझ्या हातात गट्टू होताच, तो मी त्या दांडग्याच्या तोंडावर मारला. जबडा लोंबला त्याचा. बाकीचे त्याला उचलून पळाले. मी तुमच्याकडे धावलो, मान धरून उठवायला लागलो, आणि तुम्ही रक्त थुंकून डाव्या हातानं माझ्या कानाखाली काढलीत. ‘‘वाळूवरून आला तू, भाड्या!’’ मी तिथंच बसून रडलो. तुमचा जीव वाचवला होता हो मी.

उजव्या हाताची बोटं पुन्हा वळली नाहीत. तुम्ही खुर्ची टाकून शिकवायला लागलात, मारायचात डाव्यानं. मग एक दिवस छातीत कळ आली आणि गेलात. तुमच्या तिरडीला खांदा दिला तेव्हा डोळ्यांत पाणी होतं आणि सुटका झाल्यासारखंही वाटत होतं.

आता ठेकेदारांच्या टोळ्या माझ्याकडे शिकायला येतात. परवा कुरुंद्याच्या एका बाप्यानं वाळूवर पाय दिला. माझा फळीचा हात वर गेला, तसं त्यानं दोन्ही हातांत डोकं धरलं आणि कोपरं पोटाशी घेतली. इतकं सफाईनं ते मार खाल्लेल्यालाच जमतं. मी फळी खाली ठेवली. ‘‘पुन्यांदा वढ वाळू,’’ एवढंच बोललो. मग तोच हळूच म्हणाला, ‘‘तुमी मारत न्हाई, उस्ताद? तुमाला बी कोनी मारलं न्हाई व्हय शिकताना?’’

मी म्हणालो, ‘‘न्हाई. माझ्या उस्तादानं कधीच हात उचलला न्हाई.’’ काकूही गेल्या, हे पत्र आता द्यायचं तरी कुणाला, म्हणून इथंच कबूल करतो. तुमची अब्रू राखायला मी खोटं बोललो नाही. खरं सांगितलं असतं तर त्यांनी माझी ओळ बघितली असती आणि म्हटलं असतं, ही मारानंच सरळ आली, मग मारूनच शिकवा.