पिल्लाशी बोलायचं नसतं

१५ जून, रविवार

प्रिय आत्या,

मी बरी आहे, झोपते नीट, जेवते वेळेवर. तू हेच विचारणार, म्हणून आधीच सांगून टाकलं. फोन केला नाही म्हणून रुसू नकोस. फोन केला की तू स्पीकरवर टाकतेस, मग आई, बाबा, शेजारच्या काकू सगळे एकदम बोलतात आणि मी नुसतं "हो, हो" करून फोन ठेवते. आज मला "हो, हो" करायचं नाहीये.

इंटर्नशिप एकदम भारी आहे. म्हणजे होती. इथे क्रौंच पक्ष्यांची पिल्लं अंड्यापासून वाढवतात आणि मोठी झाली की पाणथळ भागात सोडून देतात. गंमत म्हणजे पिल्लांना माणूस दिसू द्यायचा नाही. आपण डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा घालायचा, तोंडावर जाळी, आणि एका हातात हातमोज्यासारखं पक्ष्याचं खोटं डोकं. त्याच्या चोचीने भरवायचं. मला त्या अवतारात बघितलं असतंस तर झाडूच उगारला असतास.

आणि बोलायचं नाही. खोकलासुद्धा दाबायचा. माणसाच्या आवाजाची सवय लागली की पिल्लू माणसालाच आपलं समजतं, मग त्याला सोडता येत नाही.

आत्या, तू कुकरला "झाली का रे तुझी शिट्टी" विचारतेस. बाबा स्कूटरची समजूत काढतात. अशा घरातल्या मुलीला यांनी हे काम दिलं.

खोलीत मी एकटीच. बरोबरची मुलं चांगली आहेत, पण मराठी इथे कुणालाच येत नाही, आणि जेवायला बसली की सगळी आपापल्या मोबाईलमध्ये.

तर, एक पिल्लू आहे. सगळ्यात बारकं. बाकीची चोचीतून ओढून घ्यायची, हे मान फिरवायचं. आमच्या प्रमुख बाई म्हणाल्या, असंच चाललं तर हे काही टिकत नाही. (सगळे त्यांना नावाने हाक मारतात, माझ्या तोंडून येत नाही.) त्या दुपारी शेडमध्ये मी एकटीच होते. तोंडातून निघून गेलं, "खा ना रे शोन्या, एकच घास." आणि त्याने खाल्लं.

तिथे थांबायला हवं होतं. मी रोज बोलले. "जेवलास का", "ऊन बघ कसलं पडलंय". मग माझंच सगळं सांगायला लागले. ते मान तिरकी करून ऐकायचं. इथे माझं ऐकणारं तेवढं एकच होतं ग.

परवा बाईंना संशय आला. दाराबाहेर कुणी काही बोललं, तर हे एकटंच मान वर करतं. त्यांनी विचारलं, "याच्याशी कोणी बोललंय का?"

सगळे नाही म्हणाले. मीही.

मग टेस्ट. एकेकाने फळ्यांच्या भिंतीमागून बोलायचं आणि पिल्लू येतं का बघायचं. माझी पाळी आली तेव्हा मी इंग्लिश बोलले. भिंतीवरच्या सूचना वाचून दाखवल्या, बातम्या देतात तशा. माझ्या तोंडून इंग्लिश त्याने कधी ऐकलंच नव्हतं. त्याने एकदा मान वर केली आणि परत आपलं गवतात टोचत राहिलं, आलं नाही. बाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली. "वाचलं बिचारं. मी घाबरले होते."

आता ते बाकीच्यांबरोबर सुटणार. सगळे खूश. आणि मला दिसतंय की कुठेतरी कोणी आई आपल्या मुलाला तसल्याच सुरात हाक मारेल, भाषा कुठलीही असो, आणि हे धावत सुटेल. मध्ये रस्ता असला तरी. त्याच्यामागून बाकीचीसुद्धा जातील.

सांगितलं तर ते जन्मभर जाळीच्या आत. आणि मला बहुतेक घरी पाठवतील. बाबांनी अख्ख्या ऑफिसला सांगून ठेवलंय.

तू म्हणशील, अगं मग तिथल्या तिथे बोलायचं ना. एरवी तोंड बंद होत नाही माझं.

सोमवार, संध्याकाळ

पत्र टाकलं नव्हतं. सकाळी बाईंना सांगितलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "काय बोलायचीस?"

मी सांगितलं. अर्थपण सांगितला.

"म्हणजे, खायला आणलंय, असं?"

"नाही. जेवलास का. आमच्याकडे सगळ्यांनाच विचारतात."

"बरं. भिंतीमागे उभी राहा. आणि खरं बोल, परवासारखं नको."

पुटपुटावंसं वाटलं. पण नीट बोलले, घरी बोलते तशी. आधी काहीच नाही. मग गवत हललं आणि ते पळत आलं, पायात पाय अडकवत, आणि फळीवर चोच आपटायला लागलं. बाई "झालं" म्हणाल्या आणि निघून गेल्या.

लोक बघायला येतात त्या कुंपणात ते आता राहील. कायमचं. मला घरी पाठवत नाहीयेत, फक्त पिल्लांच्या शेडमध्ये जायचं नाही. ऑफिसमध्ये टायपिंग दिलंय.

एवढं मी आईलाही सांगेन कधीतरी. पुढचं फक्त तुला. ते पळत आलं ना आत्या, तेव्हा मला आधी आनंद झाला. खूप. ते सुटणार नाही हे मला नंतर आठवलं.

दर वेळी शेवटी तुझा आशीर्वाद मागते. आज मागवत नाहीये.

तुझी भाची