चूलदेवाचे तोंड

शांघाय, बारावा महिना, तिथी पंधरावी

तीर्थस्वरूप थोरले मामा यांच्या चरणी भाचा रुआन चिंगची याचा गुडघे टेकून नमस्कार. (एकच टेकला आहे; दुसरा टेकायला वैद्यांची मनाई आहे.) आपला खोकला, आपली मैना आणि आपला आवाज, तिन्ही ठणठणीत असतील अशी आशा करतो. या पत्रासोबत मामी एक वडी हातात देतील, मोड आलेल्या जवाची, घरचीच. ती कृपया आधी तोंडात टाकावी आणि मगच पुढे वाचावे. चावू नये, नुसती धरून ठेवावी.

इथल्या विश्वप्रदर्शनात आपल्या तालुक्याला एक दालन मिळाले आहे हे आपण जाणताच, कारण ती बातमी तालुक्याला आपल्याकडूनच कळली. दालनाच्या समितीवर मला का घेतले ते मात्र आपणही कोणाला सांगू शकला नसाल. मी तीस वर्षे संस्कृत शिकवतो. परक्यांच्या देवांची एवढी माहिती ठेवणाऱ्याला घरच्या देवांची असणारच, असा तर्क झाला. न्यायशास्त्रात याला हेत्वाभास म्हणतात, समितीत ठराव म्हणतात.

मी चूलदेव सुचवला. दालन म्हणजे तीन मजली चूल. पाहुण्यांनी चुलीच्या तोंडातून आत यायचे आणि देव वर्षअखेरीस स्वर्गात जातो तसे धुराड्यातून बाहेर पडायचे. अग्निशमन खात्याच्या गृहस्थांनी नकाशा पाहून विचारले, “आणि आत आग लागली तर?” आमचे मूर्तिकार बाओ मिस्त्री भाबडेपणाने म्हणाले, “अहो साहेब, चूलच आहे ना ती!” त्या उत्तरानंतर धुराडे रद्द झाले आणि साधा जिना आला, वर ‘बाहेर’ लिहिलेला हिरवा दिवा. देवालाही आता जिन्यानेच जावे लागेल.

मुख्य आकर्षण म्हणजे चुलीवर बसलेला वीस हात उंच चूलदेव. तेविसाव्या तिथीला तो वर जाऊन घराघरातली लफडी स्वर्गीच्या सम्राटाच्या कानावर घालतो, म्हणून आपण त्याच्या ओठांना चिकट गोड फासतो, हे आपल्याला मी काय सांगावे. इथे ते काम पाहुणे करतील, रोज दुपारी, बांबूएवढ्या लांब कुंचल्याने. (अग्नी हे तर देवांचे मुखच, तोही माणसांकडचे सारे वर पोचवतो, पण त्याचे ओठ चिकटवायचे कोणाही वैदिक यजमानाला सुचले नाही. त्यांच्या घरी लपवण्यासारखे काही नसावे, किंवा त्यांच्या जवाला आपल्याइतका चिकटपणा नसावा.)

अंतिम शिक्का प्रदर्शन-कचेरीतल्या केंगबाईंच्या हाती. तो तेविसाव्या तिथीपर्यंत पडला नाही तर जागा शेजारच्या लुओशी तालुक्याला जाणार, तिथे त्यांचा कागदी न्येन, नववर्षाला गावात शिरणारा तो राक्षस, डोळे वटारून उभा राहणार, आणि मी जन्मभर गावच्या चहाच्या दुकानासमोरून तोंड लपवून जाणार. केंगबाई काल पाहणीला आल्या. मूर्तीभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाल्या, “प्राध्यापक, परदेशी पाहुण्यांना आपण काय शिकवणार? तक्रार करणाऱ्याचं तोंड गोड करून बंद करा, हेच ना?”

मी म्हणालो की याला नैवेद्य म्हणतात.

“नैवेद्य? आमच्या कचेरीत याला दुसरं नाव आहे.”

तेवढ्यात बाओ मिस्त्रींनी त्यांच्यापुढे वड्यांची थाळी धरली. ती मामींनीच पाठवली होती. रीतीप्रमाणे बाईंनी एक उचलली, आणि पुढले वाक्य त्यांच्या दातांतच राहिले. त्यांनी हातवारे केले, भुवया चढवल्या, एकदा पाय आपटला. “जोर नका लावू ताई,” मिस्त्री कळवळून म्हणाले, “दात हातात येईल!” त्या अवधीत आमच्या चिटणिसांनी मंजुरी-अर्जाची सतराही कलमे वाचून दाखवली आणि प्रत्येकापुढे लिहिले: हरकत नाही.

गरम चहाने जबडा सुटल्यावर बाई चक्क हसल्या. सतराही कलमे त्यांनी मान्य केली. फक्त एक कागद कमी आहे म्हणाल्या. तो आला की शिक्का. तो किरकोळ आहे, म्हणून पत्राच्या पोटात घातला नाही. मैनेला माझा आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
चिंगची

ता. क. तो किरकोळ कागद सोबत आहे. मूर्तीचा चेहरा हयात माणसाचा असल्यास त्याची लेखी संमती लागते, असा नियम निघाला.

आणखी ता. क. बाओ मिस्त्रींनी विचारले होते, “स्वर्गात पाऊल ठेवण्याआधीच सगळं सांगून टाकील असा चेहरा कुणाचा?” माझ्यापाशी आपला साठाव्या वाढदिवसाचा फोटो होता. नाक जरा सरळ केले आहे. आपण या क्षणी काही बोलू पाहत असाल, तर कृपया जोर लावू नये. सही उजव्या कोपऱ्यात.

शेवटचे ता. क. साक्षीदार म्हणून मामींची सही झालेली आपण पाहिलीच असेल. तारीख गेल्या महिन्यातली आहे; कागद तेव्हाच तयार होता, कमी होती ती फक्त आपली सही. एकच अट त्यांनी घातली आहे, आणि ती समितीने एकमताने मान्य केली: त्या कुंचल्याचा एक लहान नमुना घरी पाठवावा.